बांधावर अनोळखी फूल दिसलं? उपटू नका, आधी हे करा

आधीच सांगून टाकते, मी बॉटनीवाली नाही. अकाउंट्समधे काम करते, कोथरूडला राहते, आणि माहेरची थोडी जमीन पुरंदर तालुक्यात सासवडच्या पुढे आहे तिथे महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी चक्कर होते. खाली सीताफळाची बाग, मधे पावसावरची बाजरी नाहीतर वाटाणा, आणि सगळ्यात वर एक मुरमाड तुकडा ज्यात "काय बी येत नाय" असं काका मी शाळेत होते तेव्हापासून सांगतायत. त्याच तुकड्यात आणि त्याच्या बांधावर एका पावसाळ्यात मी त्रेचाळीस वेगवेगळी फुलं मोजली, त्यातली तीस तरी मला तेव्हा नावाने माहीत नव्हती.

तर ज्यांच्याकडे अशी घरची जमीन आहे आणि फिरताना मधेच "हे काय आता?" असं एखादं फूल समोर येतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. साधारण ज्या क्रमाने माझ्या चुका झाल्या त्याच क्रमाने.

आधी माझ्या फुलाचा किस्सा, कारण पुढे सारखा त्याचाच दाखला येणार आहे. चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास शेराच्या कुंपणातून एक वेल वर आलेली दिसली, दोऱ्याएवढी बारीक, आणि तिच्यावर जेमतेम बोटाच्या पेराएवढं एक फूल. खाली फुगीर, पिटुकल्या सुरईसारखं, त्यावर नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पट्ट्या वर उठून टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मधे पाच खिडक्या. सरळ आकाशकंदीलच. खालचा भाग पांढरट पोपटी, वरच्या पट्ट्या जांभळट आणि त्यांच्यावर बारीक लव. मी इतकी हरखले की घाईघाईत एक फोटो काढला आणि वेल मुळासकट उपटली, पुण्यात कोणालातरी दाखवू म्हणून. खाली चक्क कंद निघाला. तो सगळा ऐवज प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गाडीच्या डिकीत, मग दिवेघाटात ट्रॅफिक, हडपसरला ट्रॅफिक, घरी पोचेपर्यंत आत पालकाची भाजी झालेली. आणि फोटो बघितला तर फोकस मागच्या शेरावर, फुलाच्या जागी एक धूसर ठिपका. एका ग्रुपवर तो टाकला, तिथल्या एका जाणकार काकांनी फक्त एवढंच लिहिलं, "नवीन फोटो टाका. उपटलं असेल तर पुढच्या वर्षी टाका." पुणेरी उत्तर, पण बरोबर होतं. मला नाव कळायला पूर्ण एक वर्ष थांबावं लागलं.

१. पहिल्यांदा हात मागे घ्या

उपटायचं नाही, तोडायचं नाही, चव तर अजिबात घ्यायची नाही. गावाकडे लहानपणी आपण काय काय चाखलेलं असतं त्यामुळे हात आपोआप तोंडाकडे जातो, पण कळलावीचं उदाहरण डोक्यात ठेवा. पावसाळ्यात बांधावर, कुंपणात सहज दिसते, पाकळ्यांच्या कडा लहरदार, आधी पिवळ्या मग लाल होत जाणाऱ्या, पानाचं टोकच स्प्रिंगसारखं वळून आधाराला धरतं, इतकं देखणं फूल आपल्याकडे दुसरं क्वचितच असेल. आणि तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, ते पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की पुढचा तासभर तुम्ही कोणाशी सभ्यपणे बोलू शकत नाही. गाजरगवताची काही जणांना कायमची अ‍ॅलर्जी बसते.

अजून एक, फुलाच्या नादात आपण कुठे पाय ठेवतोय हे बघत नाही. आमच्या भागात दगडांच्या बांधात फुरसं निघतं. बूट घाला, काठी ठेवा, दगडांच्या फटीत हात घालू नका. हे मी आईच्या सुरात लिहितेय माहितीये.

२. फोटो, पण एक नाही

लोक फुलाचा समोरून एक छान फोटो काढतात, मागे ब्लर वगैरे, आणि विचारतात हे काय. तो फोटो स्टेटसला ठेवायला ठीक आहे, ओळखायला त्याचा उपयोग निम्माच. ओळखणाऱ्याला जे बघायचं असतं ते बहुतेक वेळा फुलाच्या मागे, पानाखाली, नाहीतर खोडाच्या बेचक्यात असतं.

मी आता ठरवूनच काढते: सगळं झाड किंवा वेल आजूबाजूच्या जागेसकट, मग फूल समोरून, फूल बाजूने (नळी आहे का, किती लांब, हे फक्त बाजूनेच कळतं), फूल मागून म्हणजे पाकळ्यांच्या खालचा हिरवा भाग दिसेल असं, कळी, पान वरून, पान उलटं करून, पान खोडाला जिथे लागतं तो सांधा, खोड, आणि फळ किंवा शेंग असेल तर ती, वाळकी असली तरी चालेल. फळ तर सोडूच नका. फुलं सारखी दिसणारी दोन झाडं फळावरून चटकन वेगळी पडतात.

मापासाठी शेजारी दहा रुपयाचं नाणं धरा, ते २७ मिलिमीटरचं असतं त्यामुळे नंतर हिशोब करता येतो. बोट धरलं तर कोणाचं बोट हा प्रश्न येतो, माझं आणि माझ्या काकांचं बोट यात दीडपट फरक आहे.

फोकसचं रडगाणं सगळ्यांचं असतं. बारीक फुलाच्या मागे आपला तळहात धरा, फोनला मागचं गवत दिसतच नाही मग तो मुकाट्याने फुलावर फोकस करतो, तो झाला की हात काढा किंवा राहू द्या, काही बिघडत नाही. श्रावणात वारा इतका असतो की फूल एका जागी राहत नाही, तेव्हा देठ दोन बोटांत हलकेच धरायचा आणि पाच-सहा फोटो धडाधड काढायचे, एक तरी नीट येतो. पांढरं फूल असेल तर काळी छत्री मागे धरा, पाकळीच्या शिरासुद्धा दिसतात. छत्री तशीही बरोबर असतेच.

रंगावर मात्र फार भरवसा नको. फोन निळ्याचं जांभळं आणि जांभळ्याचं गुलाबी करून दाखवतो, म्हणून डोळ्यांना काय रंग दिसला तो शब्दांत लिहून ठेवा. आणि झाडं स्वतःही रंग बदलतात, घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं असतात कारण फूल जुनं होत जातं तसा रंग पालटतो, कळलावीचं वर सांगितलंच. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते.

३. वहीत काय लिहायचं (किंवा व्हॉइस नोट, पण बोला)

हा भाग सगळे टाळतात आणि खरं काम इथेच होतं. फोटोत वास येत नाही, चीक दिसत नाही, खोड चौकोनी आहे का गोल ते कळत नाही. तारीख, जागा, माती कसली (आमच्याकडे मुरूम, तुमच्याकडे काळी असेल, कातळ असेल), ऊन का सावली, पाणी साचतं का, उंची किती, वेल असेल तर कशावर चढलीये. सकाळी उघडं होतं का संध्याकाळी, कारण काही फुलं दुपारी मिटून जातात आणि तुम्ही चार वाजता जाऊन ही कळीच आहे असं लिहाल.

मग पानं. हे जरा सविस्तर सांगते कारण एकदा हे जमलं की निम्मं काम होतं. खोडावर पानं कशी लागलीत ते बघा, समोरासमोर जोडीने आहेत, का एक इकडे एक तिकडे अशी आलटून पालटून, का एकाच जागेवरून तीन-चार चक्रासारखी निघालीत. सोपं वाटतं पण नवीन माणूस संयुक्त पानात हमखास फसतो. चिंचेचं उदाहरण घ्या, ज्याला आपण चिंचेचं पान म्हणतो ते टिकलीएवढं हिरवं म्हणजे पान नव्हे, ती पर्णिका, त्या सगळ्या पर्णिका मिळून अख्खी काडी हे एक पान. ओळखायचं कसं तर बेचक्यात बघायचं. पान जिथे खोडाला लागतं तिथे वरच्या बाजूला एक बारीक डोळा, म्हणजे कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. डोळा सापडला की तिथून पुढे एक पान सुरू झालं असं समजायचं. मला हे कळलं तेव्हा मी घरी येऊन कढीपत्त्याच्या काडीवर तासभर डोळे शोधत बसले होते.

चीक बघायचा असेल तर झाड मोडायची गरज नाही, जुनं एखादं पान देठाशी चिमटीत जरासं खुडलं तरी कळतं. पांढरा दुधासारखा आला, पिवळा आला, का नुसतं पाणी, ते लिहा आणि हात पुसा. वास घ्यायचा असेल तर पान बोटात चुरगाळून लांबूनच. खोड बोटांत धरून हलकेच फिरवा, तुळशीचं खोड फिरवून बघितलं असेल तर कळेल, कडा लागतात. चौकोनी.

फुलात पाकळ्या किती, सुट्या आहेत का खाली जोडलेल्या, आणि आत तुरे, म्हणजे पुंकेसर, किती. आत मोजताना भिंग असेल तर मजा येते, नसेल तर फोनने फोटो काढून झूम करा.

४. कूळ ओळखा, नाव नंतर

सरळ नावावर उडी मारली की माणूस आपटतो. माणसांचं कसं, आधी आडनाव कळलं की गाव, भावकी सगळं उलगडत जातं, तसं झाडाचं आधी कूळ बघायचं. आपल्या बांधावरची बरीचशी फुलं पाच-सहा कुळांत बसतात.

चौकोनी खोड, समोरासमोर पानं, फुलाला वरचा ओठ आणि खालचा ओठ, बहुतेक तुळशीचं कूळ. दीपमाळ बघितली असेलच, केशरी फुलांचे काटेरी गोळे खोडावर थोड्या थोड्या अंतराने लागतात, देवळापुढच्या दीपमाळेसारखेच, तीही याच कुळातली (मूळची आफ्रिकेतली, पण आता आपल्या माळांवर इतकी आहे की कोणाला परकी वाटत नाही). फूल फुलपाखरासारखं, एक मोठी पाकळी मागे आणि दोन पंख, आणि नंतर शेंग, तर वाटाण्या-घेवड्याचं. गोकर्ण त्यातलंच, वाळल्यावर शेंग वाजणारा खुळखुळा त्यातलाच, आणि ज्याचे फोटो दर सप्टेंबरला "मिकी माऊस" म्हणून फिरतात तो पिवळा कवलासुद्धा. पाकळ्या तीन किंवा सहा आणि पानावरच्या शिरा गवतासारख्या लांबच लांब समांतर, तर एकदल म्हणजे मुसळी, कळलावी, आमरी (ऑर्किड) त्या बाजूला शोधायचं. चार पाकळ्या आणि मोहरीसारखी बारीक लांब शेंग दिसली की लोक मोहरी म्हणून मोकळे होतात पण पान बघा, चिकट आणि तीन-पाच पर्णिकांचं असेल तर ती पिवळी तिळवण.

सूर्यफुलाचं कूळ मात्र जाम फसवतं. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती भरलेली पाटी असते, मधलं प्रत्येक टिंब एक अख्खं फूल आणि कडेची प्रत्येक पाकळी पण एक फूलच. सोनकी, एकदांडी, झेंडू सगळी तीच तऱ्हा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पावसाळ्याच्या शेवटी केशरी-पिवळ्या होतात तो कॉसमॉसपण यातलाच, मूळचा मेक्सिकोचा, लोक तिथे जाऊन फोटोशूट करतात आणि खाली स्थानिक गवतं गुदमरतात. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी चिडते.

माझ्या आकाशकंदिलाचं कूळ मला आधी लागलंच नाही. पानं समोरासमोर, वेल, पाच भागांचं फूल इथपर्यंत लिहिलं होतं, पण पांढरा चीक नव्हता म्हणून मी रुईचं कूळ बाद करून टाकलं होतं. एका खुणेवर अडून बसायचं नाही ही अक्कल तेव्हा आली. गुपित फुटलं ते शेंगांवरून, दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर गेले तर त्याच कुंपणातल्या दुसऱ्या वेलीवर बारीक शिंगांसारख्या शेंगा, एक तडकलेली, आणि आतून रेशमी झुबका लावलेल्या बिया उडत होत्या. म्हातारी! लहानपणी रुईच्या बोंडातून उडणाऱ्या म्हाताऱ्या आपण सगळ्यांनी पकडल्यात. म्हणजे चीक नसला तरी घराणं रुईचंच.

५. अ‍ॅप वापरा, पण त्याचं सगळं ऐकू नका

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट ही तीन मी वापरते. लेन्सचा घोळ असा की ते नेटवर सारखं दिसणारं चित्र शोधून देतं आणि नेटवर सगळ्यात जास्त चित्रं असतात ती कुंडीत विकायच्या झाडांची, त्यामुळे माळावरचं रानफूल टाकलं तरी तीनशे रुपयाला घरपोच मिळणाऱ्या कुठल्यातरी वेलीचं नाव येतं. प्लांटनेटमधे हे फूल आहे का पान आहे का फळ आहे ते सांगता येतं, एकाच झाडाचे दोन-तीन अवयव टाकले की उत्तर बरंच सुधारतं. आयनॅचरलिस्टवर अ‍ॅप सुचवतं आणि मग खरी माणसं तपासतात, हा त्याचा मोठा फायदा.

अ‍ॅपने नाव दिलं की लगेच आनंदून जायचं नाही. त्या नावाचं झाड कुठे आढळतं ते बघा, ब्राझीलच्या जंगलातलं असेल आणि कोणी लावलेलं नसेल तर शंका घ्या. मग आपल्या वहीतल्या नोंदी त्या वर्णनाशी एकेक करून जुळवा, पानं समोरासमोर लिहिलीत आणि तिकडे आलटून पालटून म्हटलंय तर अ‍ॅप कितीही टक्के खात्री दाखवू दे, ते ते झाड नव्हे. निदान प्रजातीच्या गटापर्यंत बरोबर येतं बऱ्याचदा, म्हणजे पहिलं नाव बरोबर आणि दुसरं चूक. तेवढं मिळालं तरी पुष्कळ.

एक सेटिंग लक्षात ठेवा. आयनॅचरलिस्टवर टाकताना ठिकाण धूसर करता येतं, म्हणजे लोकांना साधारण भाग दिसतो पण नेमका बांध दिसत नाही. आमरी, कंदवाल्या वेली, औषधी म्हणून विकलं जाणारं काहीही असेल तर ते करा. झाड दुर्मिळ आहे का नाही हे अजून कळलेलंच नसतं, त्यामुळे आधी धूसर ठेवायचं, नंतर उघडं करता येतं. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना "आमच्या अमुक वस्तीच्या मागे विहिरीपाशी" असलं पण लिहू नका.

६. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा

हे खरंतर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आमच्या वाटेकऱ्यांना, तात्यांना, मी फोटो दाखवला तर म्हणाले "तण हाय ताई, काढून टाकू का?" आणि मी जवळजवळ किंचाळलेच. पण त्यांच्या आईने फोन हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाल्या, "अगं बया, खर्पुडी ही. गुरं राखताना आम्ही हिचा कंद उकरून खायचो. आता कुटं दिसत न्हाय." मी विचारलं आजी शेवटची कधी बघितलीत, तर म्हणाल्या तुझा बाप लहान होता तेव्हा. चार मिनिटात मला नाव, उपयोग आणि ती कमी झाल्याची नोंद, तिन्ही मिळालं. (कंद खाल्लं वगैरे ऐकून तुम्ही खाऊ नका, त्यांना साठ वर्षांची ओळख होती, आपल्याला दोन दिवसांची आहे.)

गावातलं नाव लिहून घेताना गावपण लिहा आणि सांगणाऱ्याने झाड प्रत्यक्ष बघितलंय का फोटो तेही लिहा. कारण एकच नाव पाच झाडांना असतं. कळलावीला काही भागात खड्यानाग म्हणतात, काही जण बचनागही म्हणतात, आणि खरा बचनाग म्हणजे हिमालयातलं वेगळंच झाड, तेही जहालच. शंखपुष्पी म्हणून तर दोन दुकानदार दोन वेगळ्या वनस्पती देतील. म्हणून देशी नावाने शोध सुरू करायचा आणि शास्त्रीय नावापर्यंत नेऊन सोडायचा.

शास्त्रीय नावंही अधूनमधून बदलतात, घाबरू नका. आपली बाभूळ जुन्या पुस्तकात अकेशिया आहे आणि आता वाचेलिया, तरवड आधी कॅशिया होता आता सेना. झाड तेच, फाईल बदलली. आमच्या ऑफिसात लेजरचे कोड बदलतात तसंच.

७. जाणकारांकडे कधी जायचं

वरचं सगळं करून पण अडलात तर. पुण्यात राहण्याचा फायदा हा की इथे माणसं आहेत. कोरेगाव पार्कच्या बाजूला बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे, तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. इकडे आगरकर रस्त्यावर आघारकर इन्स्टिट्यूट, १९४६ ची, तिथेही संग्रह आहे. (आगरकर म्हणजे समाजसुधारक गोपाळ गणेश आणि आघारकर म्हणजे वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम, रिक्षावाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा यात गोंधळ झालाय.) शिवाय विद्यापीठ आणि जुन्या कॉलेजांचे बॉटनी विभाग. थेट जाऊन उभं राहू नका, आधी विचारून जा, आणि मोबाईल पुढे करून "हे काय आहे" एवढंच न म्हणता वहीतल्या नोंदी दाखवा, समोरच्याचा चेहराच बदलतो.

तिथे गेलात की "कूक बघितलं का?" हे कानावर पडेल. थिओडोर कूक हा आयरिश माणूस पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपल होता आणि मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. शंभरावर वर्षं झाली तरी लोक अजून उघडतात. नेटवर फुकट मिळतो. नावं जुनी आहेत, इंग्रजी रुक्ष आहे, पण वर्णन वाचताना आपण जे डोळ्यांनी बघितलं ते ओळीओळीत सापडतं तेव्हा अंगावर काटा येतो. त्यात माझी वेल ज्या कुळाखाली आहे ते कूळच आता वेगळं राहिलेलं नाही, कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळात जमा झालंय.

तर शेवटी नाव: सेरोपेजिया बल्बोसा. मराठीत कंदीलपुष्प म्हणतात त्या गटातली. दुसऱ्या वर्षी त्याच कुंपणात अजून दोन वेली सापडल्या होत्या, एकीची पानं गोलसर जाड आणि दुसरीची गवतासारखी अरुंद, मी दोन वेगळ्या जाती म्हणून दोन पानं भरून लिहिलं होतं. त्या ग्रुपवरच्या काकांनी दोन्हीची फुलं शेजारी ठेवून बघायला सांगितली. हुबेहूब एक. या वेलीची पानं तशीच असतात म्हणे, गोल ते पार सुईसारखी, आणि दोन्ही एकच जात. पानावर एवढं प्रवचन दिल्यावर हे सांगायला जड जातंय पण आहे ते असं आहे.

आणि गळून पडलेलं एक फूल मी दाढीच्या ब्लेडने उभं चिरलं. नळीच्या आत खाली तोंड केलेले केस, आणि तळाच्या सुरईत दोन चिलटं, मेलेली. वासाने चिलटं आत शिरतात, केसांमुळे आत घसरता येतं पण वर येता येत नाही, मग आत धडपडताना परागांच्या पुड्या त्यांना चिकटतात, आणि फूल कोमेजलं की केस सुकतात आणि ती सुटतात, दुसऱ्या कंदिलात जाऊन अडकायला. माझी दोन बिचारी सुटली नाहीत. माझ्या काकांना, तेच "काय बी येत नाय"वाले, हे दाखवलं तर पहिल्यांदाच त्या मुरमाड तुकड्यात खाली बसून बघायला लागले.

जरा अपेक्षांबद्दल पण सांगते. दहातली आठ-नऊ वेळा तुमचं अनोळखी फूल अगदी नेहमीचं निघणार. मी ज्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांवरून अख्खी रात्र नेट पालथं घातलं ते कुरडू निघालं, ज्याची कोवळी पानं गावात भाजीला खुडतात आणि माझ्या आईने ते रांगोळीतून ओळखलं असतं. वाईट वाटून घेऊ नका. त्या शोधात दुसरी चार झाडं ओळखीची होतात.

भरपूर असलेलं साधं तण असेल तर एक फांदी वाळवून ठेवा, सरावाला चांगलं. फूल, पान, असेल तर शेंग एका फांदीवर येईल अशी निवडा, वर्तमानपत्राच्या घडीत पसरा, एक पान उलटं ठेवा म्हणजे मागची बाजू दिसेल, वर जाड पुस्तकं रचा आणि रोज पेपर बदला. पावसाळ्यात रोज बदलला नाही तर चौथ्या दिवशी बुरशी, हे अनुभवाचे बोल. कागदावर चिकटवून खाली तारीख, गाव, माती, कोणी गोळा केलं ते लिहा. तारीख-गाव नसलेला नमुना म्हणजे वाळलेला पाला. एकच एक झाड दिसत असेल तर मात्र हे करायचं नाही, तिथे फोटोच पुरे.

नाव लागलं की पुढचं काम शेतातल्या माणसांशी बोलायचं आहे. तणनाशक फवारणारा, बांध पेटवणारा, कुंपण साफ करणारा, या सगळ्यांना जागा दाखवून ठेवा, कागदावर नाव कितीही बरोबर असलं तरी फवारणीच्या पंपाला ते वाचता येत नाही. मी तात्यांबरोबर जाऊन वेलीभोवती तीन दगड चुना लावून ठेवले. तीनच, कारण चार ठेवले तर कोणीतरी देव मानून शेंदूर लावेल असं तात्याच म्हणाले.

मागच्या रविवारी गेले होते. पाऊस अजून नीट लागलेला नाही, पण तीन दगडांच्या मधे एक कोंब आलाय, दोन पानं मिटलेली. खर्पुडी असेल नाहीतर उतरण, तीही तिथेच येते आणि तिचा चीक पांढरा असतो, जरा खुडलं तर आत्ताच कळेल. खुडलं नाही. पानं उघडली की परत जाईन.